शारदा सदन : चौपाटी ते केडगाव

बहुतेक शाळांच्या इतिहासात आधी जागा येते, मग देणगीदार, मग पहिले हेडमास्तर. मुले सगळ्यात शेवटी, आणि तीही पटावरच्या आकड्यापुरती. शारदा सदनाचा इतिहास मात्र पटापासूनच सुरू करावा लागतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीच्या बाजूला ही शाळा उघडली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती, पैसा बोस्टनहून यायचा होता आणि पटावर दोन नावे होती. एक शारदा गद्रे. ती विधवा नव्हती. दुसरी गोदूबाई, माहेरची देवरुखची जोशी, आठव्या वर्षी वैधव्य आलेली आणि आता विशी ओलांडलेली. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, त्याने तिला आणून इथे घातले. विशी ओलांडलेल्या बाईने पाटी घेऊन बसायचे म्हणजे काय, हे त्या काळच्या घरांत कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. हसायला सगळे तयारच होते.

शाळा काढणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवले. आधी रानातल्या आश्रमात आणि मग तीर्थयात्रेच्या वाटेवर. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या या वाटेवरच्या शिक्षणाला. घंटा, वर्ग, वेळापत्रक, बाक यांची ओळख झाली ती इंग्लंडमध्ये. ‘स्त्रीधर्मनीती’ या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तरतूद करून त्या १८८३ मध्ये तिकडे गेल्या, त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या एकाच वेळी विद्यार्थिनी होत्या आणि संस्कृतच्या शिक्षिकाही. पंचविशी उलटल्यावर पहिल्यांदा शाळा पाहिलेल्या बाईला विशीतल्या गोदूबाईचे वय अडचणीचे वाटले नसणार.

नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फ्रोबेलची बालवाडीची पद्धत त्या तिथे शिकल्या. मराठीत शाळेची क्रमिक पुस्तके करण्याचे मनात घेतले. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी भावी शाळेसाठी पैसा उभा केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. अट एकच, पण पुढे सगळा इतिहास तिच्याभोवती फिरला : शाळा कोणत्याही धर्माची नसावी, मुलींच्या धर्मात कोणी हात घालू नये. भारतात सल्लागार मंडळावर महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग अशी माणसे होती.

या अटीचा रोजच्या व्यवहारातला अर्थ स्वयंपाकघरात दिसत असे. सदनातल्या मुली बहुतेक ब्राह्मण. त्यांचे सोवळेओवळे त्यांनी पाळायचे, स्वयंपाक त्यांच्या जातीच्या रीतीने व्हायचा, उपासतापास कोणी मोडायला लावायचे नाहीत. रमाबाई ख्रिस्ती असल्या तरी जन्मभर शाकाहारी राहिल्या, पांढऱ्या लुगड्यातच वावरल्या. ग्रंथालयाच्या कपाटात वेदही होते आणि बायबलही. मुलीने कोणते काढायचे हा तिचा प्रश्न. वर्गात मराठी, इंग्रजी, गणित, शिवण, आणि जिला शिक्षिका व्हायचे तिला बालवाडीचे शिक्षण. अभ्यासक्रम काही जगावेगळा नव्हता. पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ पासून चालू होती आणि तिथला अभ्यास कदाचित अधिक पक्का असेल. पण विधवेच्या बाबतीत शाळा ही दुसरी गोष्ट. आधी तिला रात्री निजायला जागा हवी, दोन वेळचे जेवण हवे, आणि आपण दिसलो म्हणून कोणाचा शकुन बिघडणार नाही अशी एक तरी ओसरी हवी.

ही ओसरी सदनात होती. १८९० च्या अखेरीस शाळा मुंबईहून पुण्याला आली. मुंबईचा खर्च परवडेना, आणि ज्या घरांतून मुली यायच्या ती घरेही पुण्याच्या बाजूला जास्त. पुण्याच्या बंगल्याला बाग होती. त्या बागेविषयी मी थोडा रेंगाळतो, कारण स्मरणिकांतून बागा नेहमी शोभेसाठी येतात आणि इथे ती शिक्षणाचा भाग होती. ज्या मुलींना सासरी माजघरापलीकडे यायची बंदी होती, त्या इथे झाडांखाली हिंडत, फुले तोडत, मोठ्याने हसत. केस वाढवायची मोकळीक होती. वपन झालेल्या डोक्यावर पुन्हा केस येणे ही शाळेतल्या प्रगतीपुस्तकात न मावणारी प्रगती. रमाबाईंची स्वतःची बसायची खोलीही मुलींना उघडी असे. मुख्याध्यापिकेच्या खोलीत मुलींनी केव्हाही जावे ही कल्पना आजही आपल्या कितीतरी शाळांना पचणारी नाही.

याच उघड्या खोलीतून वाद निघाला. रमाबाई रोज मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि तेव्हाही दार लावत नसत. काही मुली येऊन मागे बसू लागल्या. पुढे काहींनी ख्रिस्ती धर्माविषयी ओढ बोलून दाखवली. ‘केसरी’ने संशय सुरुवातीपासूनच धरला होता; आता सल्लागारांनाही उत्तर देणे कठीण झाले. रमाबाईंची बाजू सरळ होती : मी कोणाला बोलावत नाही, पण मी माझ्या घरात माझी प्रार्थना चोरून करणार नाही, आणि येणारीला हाकलणारही नाही. सल्लागारांची बाजूही समजण्यासारखी होती. पालकांना शब्द त्यांनी दिला होता, रमाबाईंनी एकटीने नव्हे. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. बोस्टनने मात्र रमाबाईंची बाजू सोडली नाही.

या प्रकरणावर आजवर इतके लिहिले गेले आहे की शारदा सदन म्हटले की बऱ्याच वाचकांना तेवढेच आठवते. मला स्वतःला वाटते, तटस्थतेची ती अट कागदावर ठीक होती, माणसाच्या बाबतीत ती टिकणारी नव्हती. शंभर मुलींची आई झालेली बाई त्यांच्यापासून आपल्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट लपवून ठेवील, ही अपेक्षाच चुकीची. आणि मुलींनाही स्वतःचे मन होते, हे दोन्ही बाजूंच्या लिखाणात फारसे कोणी धरलेले नाही. पत्रव्यवहार चालला तो पुरुषांचा, वृत्तपत्रे पुरुषांची. प्रार्थनेला बसलेल्या मुलीला नेमके काय हवे होते, हे कोणी तिला विचारले असेल असे वाटत नाही.

वादाच्या त्याच वर्षी एक वेगळी घटना घडली होती. गोदूबाईंचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुण्यात झाला, तोही ११ मार्चलाच, १८९३ साली. कर्वे हे नरहरपंतांचे मुंबईतले स्नेही, विधुर, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. सदनाच्या पटावरची विधवांतली पहिली विद्यार्थिनी आनंदीबाई कर्वे झाली. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला; तो पुढे हिंगण्याला गेला. हिंदू घरांतल्या विधवांना बिनधोक वाटेल अशी शाळा हे सदनाचे मूळ काम एका अर्थी हिंगण्याकडे गेले. कर्व्यांनी सदनाचे काम जवळून पाहिले होते आणि त्याचे काय झाले तेही. बायांच्या घरच्यांचा विश्वास कसा राखायचा, हा धडा त्यांना शारदा सदनानेच दिला म्हटले तर फारसे चुकणार नाही. आनंदीबाईंनी म्हातारपणी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. सदनाचे दिवस आतून पाहायचे असतील तर आधी त्याच्याकडे वळावे.

१८९३ च्या वादाने सदनातल्या मुली कमी केल्या. सदन बदलले ते तीन वर्षांनी, आणि ते पुण्याच्या कोणत्याही पक्षाने बदलले नाही.

दहा वर्षांची अमेरिकन मदत संपल्यावर पुढे काय, या काळजीने रमाबाईंनी पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर केडगावला शंभर एकर जमीन घेतली होती. रेल्वेच्या कडेची, माळरानाची. फळबाग करावी, उत्पन्नावर शाळा चालवावी असा बेत. विहिरी खोदल्या, संत्री-लिंबांची रोपे लावली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः मुलीच्या वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. रस्त्याच्या कडेला उपाशी बसणे म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते. त्या तिकडे गेल्या आणि मुलींच्या तुकड्या घेऊन परतल्या. एकूण तीनशेच्या आसपास. या मुली उच्चवर्णीय विधवा नव्हत्या. शेतकरी, मजूर, कोणत्याही जातीच्या, कोणी विधवा, कोणी नुसती पोरकी, हाडांचे सापळे झालेल्या. स्वतंत्र चूल, सोवळे, घराण्याची परवानगी या सगळ्या गोष्टी त्या तुकड्यांबरोबर एका दिवसात निरर्थक झाल्या.

त्यातच पुण्यात प्लेग आला. दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग केडगावच्या फळबागेत झोपड्या आणि तंबू उभे राहिले. प्लेगच्या रुग्णालयात सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला जे आले त्याविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जळजळीत पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने ते नाकारले, आणि प्रकरण थेट विलायतेतल्या पार्लमेंटपर्यंत गेले. ज्या पुण्यातल्या पुढाऱ्यांनी चार वर्षांपूर्वी रमाबाईंना परकीयांच्या हातातले बाहुले म्हटले होते, त्यांनाही सरकारविरुद्ध हे पत्र उपयोगी पडले. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

केडगावच्या वसाहतीला ‘मुक्ती सदन’ हे नाव मिळाले. बोस्टनच्या दहा वर्षांच्या हमीची मुदत संपली म्हणून रमाबाई १८९८ मध्ये अमेरिकेला जाऊन आल्या. त्या तिकडे असताना मेथॉडिस्ट मिशनमधून आलेल्या मिनी अब्रॅम्स यांनी केडगाव सांभाळले. असोसिएशनची फेररचना झाली, जुनी तटस्थतेची अट गेली. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तीचे रीतसर समर्पण झाले ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. शारदा सदन हे नाव राहिले, पण आता ते एका मोठ्या वस्तीतल्या शाळेचे नाव होते. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार मुलींना शिकवायचे कोणी? पगारी शिक्षिका इतक्या आणायच्या कुठून आणि द्यायचे काय? उत्तर सदनातच होते. पुण्याला शिकलेल्या मोठ्या मुली इथे शिक्षिका झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली जरा आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना अक्षरे गिरवायला लावू लागल्या. या पद्धतीने वर्ग चालवायचा तर शिस्त लागते, आणि शिस्तीचा कडकपणाही येतो. दुष्काळातून आलेल्या काही मुली अन्न चोरून लपवत, काही पळूनही जात, हे समजून घ्यायला हवे. पोट भरेल याची खात्री पटायलाच त्यांना महिने लागत. पाटी त्यानंतर.

म्हणून केडगावात शिकणे आणि हाताने काम करणे यांत भिंत राहिली नाही. अर्धा दिवस वर्ग, बाकी वेळ काम. कोणी मळ्यात, कोणी गाईम्हशींकडे, कोणी मागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर, शिवणात, धुण्यात, आणि स्वयंपाकात तर पाळीपाळीने सगळ्याच. एवढ्या माणसांच्या भाकरी थापणे हे स्वतःच एक खाते होते. पडलेल्या, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन, लहान मुलग्यांसाठी सदानंद सदन. अंध मुलींसाठी बर्तिमी सदन होते. मनोरमाबाईंनी परदेशात ब्रेल शिकून घेतले होते. त्यांनी ते या मुलींना शिकवले, आणि वाचता येऊ लागलेल्या अंध मुली मग डोळस मुलींना वाचून दाखवू लागल्या. पाश्चात्त्य पाहुण्यांच्या वर्णनांत या दृश्याला फार जागा मिळाली आहे. कशिदा आणि विणकामही त्या करत, त्याला थोडी कमी.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, गात. ख्रिस्ती जगातल्या पेंटेकोस्टल इतिहासात त्या दिवसांची नोंद आदराने घेतली जाते. मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत प्रचाराला जात. शाळेच्या दृष्टीने याचे मोल काय, यावर मतभेद आहेत. त्या काळात वर्ग नियमित भरले नसणार एवढे उघड आहे.

केडगावच्या शाळेचे सर्वांत वेगळे खाते म्हणजे छापखाना. खिळे जुळवणे, यंत्र चालवणे, घड्या घालणे, बांधणी, सगळे मुलींच्या आणि स्त्रियांच्या हातात. त्या काळी पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत खिळे जुळवायला बाई सापडणे कठीण. आणि छापायचे काय, तर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल. आधीच्या भाषांतरांतली संस्कृतप्रचुर मराठी दुष्काळातून आलेल्या मुलीच्या डोक्यावरून जाते, हे त्यांनी रोज वर्गात पाहिले होते. संस्कृतवर हुकमत असलेल्या बाईने मुद्दाम साधी भाषा निवडली ती या श्रोत्यांसाठी. उतारा कळतो की नाही याची परीक्षा रोजच्या वर्गातच होत होती. भाषांतर म्हणून त्या मराठीत काही ठिकाणी अवघडलेपण आहे, मूळ शब्दांना फार घट्ट धरून चालल्याचे जाणवते. पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्याच हातांनी ते छापले जावे, असे उदाहरण मराठी मुद्रणाच्या इतिहासात दुसरे पटकन आठवत नाही.

मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतल्या आणि आईच्या हाताखाली कामाला लागल्या. शारदा सदनाला खऱ्या अर्थाने हायस्कूलचे रूप दिले ते त्यांनी. मुख्याध्यापिका असताना त्यांनी स्वतःचे शिक्षण पुरे केले. डेक्कन कॉलेजातून १९१७ मध्ये त्या बी. ए. झाल्या, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यालाही त्यांनी मुलींची शाळा काढली. रमाबाईंच्या पश्चात केडगाव त्याच सांभाळणार असे सगळे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी उरलेले महिने बायबलच्या कामात घातले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल छापून १९२४ मध्ये बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या मुलींनी ते काम बाईंच्या मागे दोन वर्षे चालू ठेवले होते. केडगावची शाळा तेव्हाही रोज भरत होती, आणि नवीन नावे पटावर चढत होती.